पंख्याचा रकाना

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

सात महिने या वहीला हात लावला नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. कुणाची, ते मला नक्की सांगता येणार नाही, वहीचीच समजू. फेब्रुवारीत वाळूजच्या कंपनीनं आमचा क्वालिटी विभाग बंद केला. त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे जे घडत होतं ते लिहायची लाज वाटत होती. त्रेचाळीस वय, बी.एस्सी., पंधरा वर्षांचा अनुभव, आणि दिवसभर घरात बसून मेथी निवडायची.

आज नोकरी लागली. ऐकून कुणीही हसेल अशी.

करमाडच्या अलीकडे, जालना रोडला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिथं सिनेमातली हेल्मेटं बनतात. परग्रहावरच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांचा एक इंग्रजी सिनेमा आहे म्हणे. मी पाहिलेला नाही. त्यातल्या खाणकामगारांच्या डोक्यावरचं हेल्मेट हुबेहूब करून द्यायचं, दिव्यांसकट आणि काळसर काचेसकट. परदेशातले हौशी लोक ते घेतात आणि कपाटात ठेवतात. कपाळावर पिवळ्या दिव्यांची ओळ, गालांवर निळ्या पट्ट्या, आत हनुवटीपाशी एक छोटा पांढरा दिवा. आतला दिवा लावला तरच बाहेरून चेहरा दिसतो. एरवी काचेत बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं.

मालक राजकुमारशेठ. पस्तिशीचे, उत्साही. सिनेमातले कामगार एकमेकांना नमस्कार कसा करतात ते त्यांनी मला करून दाखवलं: हेल्मेटच्या बाजूला मुठीनं दोनदा ठोकायचं, समोरच्यानं उलट दोनदा ठोकायचं. मीही ठोकलं. आपण सात महिन्यांत हसलो नव्हतो, हे हसल्यावर कळलं.

सगळा कारभार शफीकभाईंच्या हातात. आधी साइनबोर्ड रंगवायचे, मग गणपतीच्या मखरांचं फायबरकाम केलं, आता हे. वय अठ्ठावन्न, दम्याचा त्रास, जीभ तिखट. हेल्मेटची कडी मानेच्या मागे आहे, सिनेमात तशीच आहे म्हणून. ती आपल्या हातानं उघडत नाही. शफीकभाई म्हणाले, मॅडम, ये शादी के माफिक है, घालायला एक माणूस लागतो, काढायला दुसरा.

सगळी हेल्मेटं एकाच प्लास्टरच्या डोक्यावर बेतलेली आहेत. ते डोकं फळीवर आहे. डोळे मिटलेले, नाक थोडं वाकडं. कुणाचं, असं विचारल्यावर शफीकभाई पॉलिश पेपर घासत राहिले. होता एक, एवढंच म्हणाले.

माझं काम तपासणीचं. प्रत्येक हेल्मेटमागे एक कागद, कागदावर अकरा रकाने, खाली माझी सही. पाहिल्याशिवाय बरोबरची खूण करायची नाही, असं आज स्वतःला बजावलं आहे. आधीच्या कंपनीत मी हे नेहमी पाळलं का? नाही. म्हणूनच बजावलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

काच कशी होते ते आज पाहिलं. इथं सगळे काच म्हणतात, असते प्लॅस्टिकची. बेकरीतली पाव भाजायची एक जुनी भट्टी शेठनं आणून ठेवली आहे. तिच्यात शीट ओल्या पापडासारखी मऊ होईपर्यंत तापवतात, मग दोघं जण चार कोपरे धरून साच्यावर ओढतात. एक फुगा आला की शीट वाया. मग गाडीच्या काचेला लावतात तशी काळी फिल्म, साबणाच्या पाण्यावर.

शेवटचा रकाना धुक्याचा. हेल्मेट रिकामं स्टँडवर ठेवायचं, दिवे लावायचे, चाळीस मिनिटांनी काच आतून कोरडी पाहिजे. आज सहा तपासली, सहाही कोरडी. सातवं फळीच्या टोकाला होतं, सगळ्यात देखणं. शफीकभाई म्हणाले, ते राहू द्या, जुना माल आहे. मी ऐकलं नाही. क्रमांक आहे तर तपासणी आहे.

सात नंबरच्या काचेवर मधोमध, थोडं खाली, तळहाताएवढं धुकं आलं.

हवा दमट आहे, सकाळपासून भुरभुर चालू आहे. तसं लिहिलं आणि ‘फेरतपासणी’ असा शेरा मारला. बाकीच्या सहांना तीच हवा होती, हे घरी येताना हर्सूलच्या तलावापाशी लक्षात आलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज इतका संताप झाला आहे की अक्षर वाकडं येतंय.

दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. गीताबाई, करमाडची. दर मंगळवारी येते म्हणे. वॉचमन आत सोडत नाही, तीही भांडत नाही, नुसती उभी राहते. मी बाहेर जाऊन विचारलं. ती म्हणाली, “माझा माणूस गेला त्या दिशी हितंच कामाला व्हता, येवढं एका कागदावर लिहून द्या. बाकी मला काय बी नको. घरचे म्हन्त्यात, दारू पिऊन कुठंतरी पडून मेला असंल. त्यानं कधी वास बी घेतला नाय, ताई.”

मी आत येऊन शेठना विचारलं. ते म्हणाले की या नावाचा माणूस आपल्याकडे कधीच नव्हता, हजेरीत बघा. हजेरीत खरंच नाही. रोजंदारीवरच्या कुणाचंच नाव तिथं नाही.

मग शफीकभाईंना गाठलं. ते आधी चिडले, मग पॉलिश पेपर खाली ठेवला आणि सांगितलं.

फळीवरचं डोकं पुंजारामचं. गीताबाईंचा नवरा. त्याचं डोकं साच्याला बरोबर मापाचं निघालं, म्हणून शफीकभाईंनीच त्याच्या तोंडाला व्हॅसलीन फासलं, नाकात दोन स्ट्रॉ घातल्या आणि प्लास्टर चढवलं. वीस मिनिटं तो हलला नाही, उलट नंतर म्हणाला, भाई, मस्त झोप लागली. चौदा मेला शहरात एका दुकानाचं उद्घाटन होतं. शोभेसाठी शेठनं त्याला सात नंबर घालून दुपारी दारात उभं केलं. त्रेचाळीस डिग्री. त्यानं हेल्मेट ठोकलं. लोकांनी उलट ठोकलं. त्यानं पुन्हा ठोकलं. लोक हसले, पुन्हा ठोकलं. मग तो खांबाला टेकला. त्याच्या खांद्यावर हात टाकून लोक फोटो काढत राहिले. काच काळी, आत कोण बघतंय? तासाभरानं शफीकभाई चहा घेऊन आले आणि कडी उघडली, तेव्हा आत श्वास नव्हता.

पंखा, मी विचारलं. कागदावर नववा रकाना पंख्याचा आहे, आणि मी तो नुसता पंखा बसवलेला पाहून भरत होते.

पंखा आहे, वायर कापलेली आहे. सगळ्याच हेल्मेटांत. पंखा चालला की बॅटरी लवकर उतरते आणि दिवे मंदावतात. “मैं बोल्या था सेठ कू,” शफीकभाई म्हणाले. “सेठ बोले, भाई, दिवे दिसतात, पंखा दिसतो का?”

फेरतपासणीच्या निमित्तानं सात नंबर हातात घेतलं. रंग नवा आहे. त्याला मे महिन्यातच पुन्हा रंगवून फळीवर ठेवलं. कारण सगळ्यात चांगलं तेच झालंय.

शनिवार, १३ सप्टेंबर

हे लिहिणं मला टाळता आलं असतं, म्हणूनच लिहिते.

पुढच्या शनिवारी खरेदीदाराची माणसं येणार, पुण्याहून. आधी कागद बघतील, मग माल. कागद जुलैनंतर आहेत. मार्च ते जून काहीच नाही. आधीचा तपासनीस हिमांशू मे महिन्यात न सांगता निघून गेला. जाताना फाइल घेऊन गेला, की शेठनं काढून टाकली, कोण जाणे.

ज्यानं वाळूजला, चिकलठाण्याला, कुठंही काम केलं आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ऑडिटच्या आधीचा शनिवार. मागच्या तारखा घालून भरायचे कोरे कागद, एक निळं पेन, एक काळं, एक अर्धं वाळलेलं. चार कागद निळ्यानं, दोन काळ्यानं. एखाद्यावर चहाच्या कपाचा गोल. मध्येच एक ‘नापास’, म्हणजे बाकीचे खरे वाटतात. मी हे पंधरा वर्षं केलं आहे आणि माझ्याइतकं सफाईनं कुणी करत नसे. साहेब नव्या मुलींना माझे कागद दाखवायचे.

शेठनं आवाज चढवला नाही. बावीस माणसांचं काम आहे, एवढंच म्हणाले. मी माझे सात महिने आठवले. जुना कागद म्हणजे नुसता कागद, त्यानं आता कुणाचं काय होणार, असं मनाशी म्हटलं. मी तेव्हा इथं नव्हतेच, असंही म्हटलं. हे दोन्ही विचार एकाच वेळी मनात आणता येतात, याचं आज पहिल्यांदा आश्चर्य वाटलं.

चौदा मे, क्रमांक सात, हा कागद गठ्ठ्यात मधेच आला. मी थांबले. म्हणजे कळलं नाही, असं म्हणायला जागा नाही. पंख्याच्या रकान्यात बरोबरची खूण केली. खाली सही केली. मनस्विनी. काळ्या पेनानं.

शफीकभाई समोर काच पुसत होते. पुसलेलीच काच पुसत राहिले.

सोमवार, १५ सप्टेंबर

सात नंबरची फेरतपासणी. आज कडक ऊन, हवा कोरडी. दिवे बंद ठेवले. बॅटरीही काढली.

धुकं आलं. आणि गेलं. आणि आलं.

मी घड्याळ लावलं. मिनिटाला सोळा.

माणूस शांत बसलेला असतो तेव्हा मिनिटाला सोळा श्वास घेतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. तरी तीनदा मोजलं. मग ‘साच्यात हवा अडकली असावी’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं, कारण साच्यात अडकलेली हवा मोजून येत नाही.

आज आणखी एक पाहिलं. मी समोर उभी राहिले की वेग वाढतो. बावीस. सव्वीस. शफीकभाईंना उभं केलं, पुन्हा सोळा. मला, तीस.

रागावलेल्या माणसाचा श्वास कसा असतो, ते मला चांगलं माहीत आहे. गेला आठवडाभर मी तसाच घेते आहे. मात्र माझा राग शेठवर होता.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन झालं, शेठनं लाडू वाटले, मग काम.

ठरवलं होतं की आतला दिवा लावून एकदाचं नीट बघायचं. रिकामं असेल तर रिकामं दिसेल.

आतला दिवा लावला. काच पूर्ण पांढरी झाली होती. त्यात वरच्या बाजूला एक आडवी पट्टी स्वच्छ, कपाळ टेकल्यासारखी. तिच्या खाली नाकाच्या टोकाचा ठसा. डावीकडे थोडा वाकडा.

हात आत घातला. अस्तर ओलं. बोट जिभेला लावलं. आपण असं करू असं मला कधी वाटलं नसतं. खारट.

शफीकभाईंनी पाहिलं. हेल्मेट माझ्या हातातून काढून घेतलं, उलटं केलं, पुसलं, फळीवर ठेवलं. मग प्लास्टरच्या डोक्यावर रुमाल टाकला आणि त्या रुमालाला म्हणाले, “बस कर रे पुंजाराम. ये मॅडम वो नहीं है.”

मी ती आहे. सही माझी आहे. चौदा मेला पंखा मी पास केला आहे. कागद तसं म्हणतो, आणि या शहरात कागद म्हणतो तेच झालेलं असतं. गीताबाई तरी दुसरं काय मागते आहे?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

उद्या पाहुणे. दारात एक माणूस हेल्मेट घालून उभा पाहिजे, असं शेठ म्हणाले. सात नंबर. शफीकभाईंनी उभं राहायचं.

अठ्ठावन्न वर्षांचा, दम्याचा माणूस. मी म्हटलं, त्यांना नको. शेठ म्हणाले, का नको, पंखा आहे की, तुम्हीच पास केलाय मॅडम. आणि हसले. हसायला हरकत नव्हती. कागद त्यांच्या हातात होता.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. पंखा चालत नाही, मी खोटी सही केली. एवढंच. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: मी घालते.

हे धाडस नव्हे. एक वाक्य टाळण्यासाठी मी हेल्मेट घालते आहे. हे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला चांगलं म्हणणार नाही.

वायर जोडून द्या म्हणून शफीकभाईंना सांगितलं. ते म्हणाले, अस्तर चिकटवलेलं आहे, उकलून वाळायला दोन दिवस लागतील.

मग स्वतःशी असं ठरवलं: निदान तपासणी तरी खरी करायची. हेल्मेट घालून तपासायचं तर चाळीस मिनिटं, घालणाऱ्यानं दर पाच मिनिटांनी नोंद करायची, असा नियमच आहे. कोरा कागद घेते. वहीही खिशात ठेवते. त्रास झाला तर आतला दिवा लावीन, चेहरा दिसला की शफीकभाई कडी उघडतील. ते दारातच बसणार आहेत.

शनिवार, २० सप्टेंबर

११.१० — घातलं. कडी शफीकभाईंनी लावली. दिवे चालू. माप नीट बसतं. नाकापाशी डावीकडे थोडी जागा जास्त. ती माझ्या नाकासाठी नाही.

११.१५ — गरम. सहन होण्यासारखं. पाहुणे पाच. दोघं सिनेमाचे वेडे, स्वतःची हेल्मेटं घेऊन आलेत. फोटो चालू.

११.२० — शेठनं शफीकभाईंना करमाडला पिटाळलं. पाहुण्यांना गरम भजी पाहिजेत. ते माझ्याकडे बघत होते, जात नव्हते. शेठ ओरडले. गेले.

११.२५ — काचेवर माझ्या श्वासाचं धुकं. बरोबर आहे. त्याच्या खाली, बोटभर डावीकडे, दुसरं.

माझं थांबतं तेव्हा ते येतं.

११.३० — श्वास रोखून पाहिला. दुसरं चालू आहे. चाळीसच्या वर. मोजता येत नाही.

आतला दिवा लावला. बाहेरचं काही दिसेना. काचेत माझे डोळे. माझे उघडे आहेत. त्यांच्या मागे मिटलेले —

दिवा बंद केला. बंद केला की बाहेरून मी दिसत नाही. लावला की मला —

११.३५ — ठोकलं. दोनदा. पाहुण्यांनी उलट ठोकलं. खूश झाले. पुन्हा ठोकलं, जोरात. सगळ्यांनी ठोकलं. टाळ्या. शेठही.

ओरडले. आतल्या आत. अस्तर जाड आहे. जाडी मीच पास केली —

दिवा पुन्हा लावला. नुसतं पांढरं. कुणाला काही दिसत नाही. एकानं खांद्यावर हात टाकलाय.

वेळ दिसत नाही — अंदाजानं लिहिते — ओळ सोडून जात असेल —

तो काही करत नाही. आता कळलं. तो गळा धरत नाही, काही नाही. तोही फक्त श्वास घेतोय. हवा एकाची आहे, आम्ही दोघं आहोत. बस.

राग माझ्यावर नसेल. असला तर बरोबर आहे.

कागद. कोरा आहे खिशात. आता लिहिते, न बघता —

१४ मे २०२५. क्रमांक ७. घालणारा पुंजाराम, राहणार करमाड, त्या दिवशी कामावर होता. शुद्धीवर होता. पंखा नाही. नापास. आधीची सही खोटी. मनस्विनी.

लिहिलं. वहीत घातलं.

त्याचं धुकं हळू झालं. सोळा. चौदा. माझ्यासाठी जागा करतोय की —

पाय —

खांब आहे मागे. टेकते. फोटो काढतायत.

भज्यांचा वास येत नाही अजून. करमाड किती लांब, दहा मिनिटं —

शफीकभाई, दिवा लावलेलाच ठेवते —

उद्याचं काम एकच. ही वही करमाडला नेऊन गीताबाईंच्या हा